न विकण्याचा अधिकार

औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे, या अटीवर आज चहूबाजूंनी टीका होते. दुकानदारांनी कुरकुर करणे समजू शकते. पण शिकलेसवरलेले गिऱ्हाईक, घरपोच औषधांचा धंदा काढलेले उद्योजक, परवाना पद्धतीला विटलेले अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि खासगीत बोलताना कित्येक डॉक्टरही त्यात सामील असतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पूर्वी कंपाउंडर खलात चूर्ण कुटायचा, मिक्श्चर बनवायचा, बाटलीला डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. तेव्हा त्या कामाला शास्त्र लागत होते. आता औषध कारखान्यातून पट्टीत बंद होऊन येते, डॉक्टर नाव लिहितो आणि मेडिकलवाला फळीवरून खोके काढून देतो. त्यासाठी डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेला माणूस कशाला? दुकानात चार वर्षे काढलेला दहावी पास पोरगा हेच काम जास्त चटपटीत करतो. शिवाय ही अट पाळतो कोण? भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे, गल्ल्यावर बसलेला दुसराच; प्रमाणपत्र महिन्याच्या भाड्याने आणलेले. इतकी वर्षे असेच चालले आहे आणि काही बिघडलेले दिसत नाही. तेव्हा ही अट म्हणजे निव्वळ भाडे उकळण्याची सोय आहे, ती काढून टाका. औषधे एकमेकांशी जुळतात की नाही हे आता संगणक सांगतो.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. त्यातली निरीक्षणे बहुतेक खरी आहेत. प्रमाणपत्रे भाड्याने जातात, मिक्श्चरचे दिवस गेले, आणि चिठ्ठीवर डोळे फिरवून 'दुसऱ्या कंपनीचं आहे, तेच आहे' म्हणत पट्टी पुढे सरकवणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. माझा वाद निरीक्षणांशी नाही, त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. त्याआधी एक गैरसमज मात्र दूर करायला हवा.

कायदा प्रत्येक गोळीमागे फार्मासिस्ट उभा करतो, हे खरे नाही. १९४५च्या औषध नियमांत किरकोळ विक्रीचे परवाने वेगवेगळ्या प्रतीचे आहेत. नमुना २०-अ आणि २१-अ हे मर्यादित परवाने अशा दुकानांसाठीच आहेत, जिथे पात्र व्यक्ती नाही आणि जिथे तिच्याविना विकता येतील तेवढीच औषधे ठेवली जातात. नियम ६५मध्ये दुकानाच्या पाटीचीही वर्गवारी आहे: फार्मासिस्ट लागत नसेल तर 'ड्रगस्टोअर', फार्मासिस्ट आहे पण औषध बनवले जात नाही तर 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स', आणि चिठ्ठीनुसार औषध तयार करण्याची व्यवस्था असेल तरच 'फार्मसी'. अनुसूची 'के' तर त्याहून सैल आहे. हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉलची गोळी, ग्राइप वॉटर, टिंक्चर आयोडीन असली घरगुती औषधे काही अटींवर परवान्याशिवाय विकता येतात. फार्मासिस्टच्या 'व्यक्तिगत देखरेखी'ची अट येते ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायच्या औषधांपाशी. म्हणजे डोकेदुखीच्या गोळीसाठी पदविका कशाला, हा प्रश्न ज्या कायद्याला विचारला जातो, त्याने त्याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. (आपल्या रस्त्यांवर 'फार्मसी' अशी पाटी लावलेल्या किती दुकानांत खल-बत्ता सापडेल, हा प्रश्न मी इथे काढत नाही.)

आता मुख्य मुद्दा. औषध बनवणे संपले म्हणून फार्मासिस्टचे काम संपले, असे म्हणताना बनवणे हेच त्याचे काम होते असे धरलेले असते. इतिहास तसे सांगत नाही. तेराव्या शतकात सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने वैद्य आणि औषधविक्रेता यांना कायद्याने वेगळे केले, तेव्हा वैद्याला औषधे कुटता येत नव्हती म्हणून केले नाही. दोघांनी धंद्यात भागी करू नये, हे त्या फर्मानातले कलम होते. लिहिणारा आणि देणारा यांचे हितसंबंध एक झाले की रोग्याच्या बाजूने कोणी उरत नाही, ही भीती त्यामागे होती. आपल्याकडे १९३०-३१ साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने देशभरच्या औषध बाजाराची पाहणी केली, त्यातून १९४०चा औषध कायदा आणि १९४८चा फार्मसी कायदा आला. त्या दुसऱ्या कायद्याचे कलम ४२ औषध 'बनवणे, मिसळणे' यांच्या जोडीने चिठ्ठीवर औषध 'देणे' हेही नोंदणीकृत फार्मासिस्टपुरते राखून ठेवते. बनवणे कारखान्यात गेले. देणे दुकानातच राहिले.

आणि देणे म्हणजे काय, हे नियम ६५ वाचला की कळते. चिठ्ठीवर सही आणि तारीख आहे का, रोग्याचे नाव-पत्ता आहे का, एकूण किती औषध आणि डोस किती हे लिहिले आहे का. पुन्हा देण्याची सूचना नसेल तर तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा चालवायची नाही. दिल्यावर दुकानाचे नाव आणि तारीख चिठ्ठीवर टाकायची. अनुसूची एच किंवा एक्समधल्या औषधाच्या जागी दुसरे काही द्यायचे नाही. हे सगळे वाचणाऱ्याचे काम आहे. डॉक्टरने लिहिलेल्याचा फार्मासिस्ट हा दुसरा वाचक आहे, आणि काही खटकले तर थांबायचे, विचारायचे, प्रसंगी न देण्याचा अधिकार वापरायचा, हे त्याचे कर्तव्य आहे.

'वाचण्यात काय शास्त्र?' असे कोणी म्हणेल, म्हणून दोन उदाहरणे जरा विस्ताराने देतो.

मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातात आणि सोरायसिसमध्ये लिहिले जाते. या आजारांत ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. सोबत फोलिक ॲसिड दिलेले असते, ते सहसा वेगळ्या दिवशी. दोन्ही गोळ्या लहान आणि बऱ्याचदा पिवळट. चिठ्ठीवर एका ओळीखाली दुसरी ओळ, अक्षर घाईचे. घरी जाऊन म्हातारीने मेथोट्रेक्सेट रोज घेतले तर काही दिवसांत तोंड फोडांनी भरते, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवेनाशी होते आणि जीव जाऊ शकतो. ही चूक जगभर पुन्हा पुन्हा नोंदली गेली आहे. ती अडवणारा प्रश्न अगदी साधा आहे: 'आजी, ही गोळी कुठल्या वारी घेता?' पण तो विचारायला हे औषध कसे चालते ते माहीत असावे लागते. चटपटीत पोरगा पट्टीवरचे नाव बरोबर वाचेल. हा प्रश्न त्याला सुचणार नाही, कारण चिठ्ठीत तो लिहिलेला नसतो.

दुसरे उदाहरण खास भारतातले. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४०च्या सिरिंजला लाल टोपण, १००च्या सिरिंजला केशरी. वर्षानुवर्षे ४०ची बाटली वापरणाऱ्या रोग्याला डॉक्टरने नवे इन्सुलिन लिहिले, ते १००च्या बाटलीत आले आणि घरात सिरिंज जुनी लाल टोपणाचीच राहिली, तर त्याच खुणेपर्यंत ओढलेले औषध अडीचपट होते. रात्री साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतो. यात डॉक्टरची चिठ्ठी अचूक असते, औषध अस्सल असते, बिलही बरोबर असते. चूक घडते ती बाटली आणि सिरिंज यांच्या जोडीत, आणि ती जोडी पाहण्याची शेवटची जागा म्हणजे दुकानाचा काउंटर.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र नको, नायट्रेट घेणाऱ्याला सिल्डेनाफिल नको, वॉरफरिनवर असलेल्याला वेदनाशामक देताना थांब, अशी यादी लांबवता येईल. त्याची गरज नाही.

'काही बिघडलेले दिसत नाही' या वाक्यातला 'दिसत' हा शब्द खरा आहे. वरच्या दोन्ही उदाहरणांत रोगी दवाखान्यात येतो तेव्हा तोंडातले फोड आजाराच्या खात्यावर जातात आणि उतरलेली साखर मधुमेहाच्या. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० साली सुरू झाला; त्यात दुकानातून किती नोंदी जातात, हे मेडिकलच्या चार दुकानांत विचारून पाहावे. ज्या नुकसानाची कुठेच वही नाही, ते नाही असे म्हणणे सोपे असते.

कधी कधी मात्र ते वहीत यावेच लागते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या १४ रोग्यांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली. आणि २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात त्याच विषाने खोकल्याच्या औषधातून वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला 'कोल्ड्रिफ'च्या त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडले. चालू शकते ते ०.१ टक्का.

इथे विरोधक मला अडवतील: काउंटरवर फार्मासिस्ट असता तर त्याने बाटलीतले विष ओळखले असते का? नसते. प्रयोगशाळेचे काम डोळ्यांनी होत नाही आणि फार्मासिस्ट हा कारखान्याच्या तपासणीला पर्याय आहे असा माझा दावाही नाही. पण त्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ही जोडी होती. ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसे लेबलवर छापावे, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. गेलेली मुले बहुतांश पाच वर्षांखालची होती. विष ओळखता आले नसते, तरी त्यातल्या कित्येक बाळांना ती बाटली मुळात देण्याजोगीच नव्हती, आणि हे सांगायला प्रयोगशाळा लागत नव्हती. 'बाळ केवढं आहे?' एवढे विचारून डॉक्टरला फोन लावणारा माणूस लागत होता.

संगणकाचा मुद्दा मला अर्धाच मान्य आहे. दोन औषधांतला तंटा संगणक माणसापेक्षा लवकर सांगतो. प्रत्येक दुकानात ती सोय असावी. पण आपल्या रोग्याचा औषधांचा इतिहास कुठल्याच एका संगणकात नसतो. रक्तदाबाची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, संधिवाताची तालुक्याहून, पोराने ॲपवरून मागवलेली तिसरीच, आणि घराजवळच्या डॉक्टरने कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या वेगळ्या. (या पुड्यांनाही कायद्याचा आधार आहे: कलम ४२मधून डॉक्टरला स्वतःच्या रोग्यापुरती सूट मिळते. १९४८ साली फार्मासिस्ट मोजके होते तेव्हा ती समजण्यासारखी होती.) अर्धी माहिती दिलेला संगणक अर्धेच उत्तर देतो. त्यात नावांचा गोंधळ. मेंदूच्या मलेरियावरची 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' ही दोन औषधे २००१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा औषधांच्या नावांत सारखेपणा असल्यास इतर मालापेक्षा कडक कसोटी लावावी, कारण डॉक्टर आणि केमिस्टही फसू शकतात, असे न्यायालयाने म्हटले. आणि काही ॲपांवर आधी औषध टोपलीत टाकायचे, मग त्यांचाच डॉक्टर फोन करून चिठ्ठी देतो. तिथे तर दुसऱ्या वाचकाला वाचायला पहिला मजकूरच उरत नाही. २०१८च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा निघाला. तो मसुदाच राहिला.

विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा मात्र वेगळा आहे आणि त्याला बगल देऊन भागणार नाही. ते म्हणतात, हा तुमचा दुसरा वाचक शेवटी व्यापारी आहे. विकले तर त्याला पैसे, अडवले तर तोटा. अशा माणसाकडून नीतिमत्तेची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

बरोबर आहे. हिशेब पाहा. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अनुसूचित औषधांच्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्याचा वाटा १६ टक्के धरला. हे १६ टक्के पट्टीवर मिळतात, प्रश्नावर मिळत नाहीत. सर्दीला ॲझिथ्रोमायसिन मागायला आलेल्या माणसाला चिठ्ठीशिवाय नाही म्हटले, तर मिळकत शून्य, वर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१मध्ये सुरुवातीला ४६ औषधे आली, त्यांत सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम गटातली प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे होती. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवायची, ती तीन वर्षे जपायची. नोंदवही लिहिण्याचा वेळ फुकटात. फार्मसी कौन्सिलच्या २०१५च्या नियमांनी रोग्याला समजावून सांगणे हे कर्तव्य ठरवले: डोस, दुष्परिणाम, साठवण, एखादा डोस चुकला तर काय करायचे. पण या दहा मिनिटांचा मोबदला त्या नियमांत कुठेच नाही. जे काम कायदा मागतो त्याला एक पैसा नाही आणि जे काम कुणीही करू शकतो त्यावर टक्केवारी, अशी ही रचना आहे. या रचनेत खुर्ची रिकामी राहते यात नवल काय? मालकाच्या हिशेबाने बसवलेला फार्मासिस्ट हा निव्वळ खर्च आहे. भाड्याचे प्रमाणपत्र त्याहून स्वस्त पडते. कलम ४२ मोडल्याबद्दल मूळ कायद्यात दंड होता फार तर एक हजार रुपये. तो आता वाढला आहे, पण सात दशकांची सवय त्या हजाराच्या सावलीत पडली.

म्हणून विरोधकांचे निदान मला मान्य आहे आणि उपाय उलटा वाटतो. खुर्ची रिकामी आहे ती निरुपयोगी म्हणून नव्हे. तिच्यावर बसण्याचे पैसे आपण कधी दिलेच नाहीत. जर्मनीत २०१३ साली चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ८.३५ युरो ठरावीक शुल्क आणि वर फक्त ३ टक्के अशी पद्धत होती. महाग औषध खपवून फारसा लाभ नाही, आणि काउंटरवरच्या श्रमाला किंमत आहे. तिथे औषधाचे दुकान फार्मासिस्टच्याच मालकीचे असावे लागते. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला मिळालेल्या दुकानाच्या परवान्यावरून वाद झाला, तेव्हा युरोपीय न्यायालयाने २००९ साली ही अट उचलून धरली. फार्मासिस्टलाही नफा हवाच असतो, पण त्याचे शिक्षण आणि व्यावसायिक जबाबदारी त्या नफ्याला लगाम घालते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. भाबडेपणाचा आरोप करणाऱ्यांनी हा युक्तिवाद जरूर वाचावा. उलट दिशेचा प्रयोगही झालेला आहे. स्वीडनने २००९ साली औषधविक्री खुली केली, साध्या किराणा दुकानातही पॅरासिटामॉल मिळू लागले. विषबाधेची प्रकरणे वाढल्यावर २०१५ साली त्या गोळ्या पुन्हा फक्त औषधाच्या दुकानात न्याव्या लागल्या.

महाराष्ट्रात नुसत्या बडग्याचा प्रयोग होऊन गेला. २०११नंतरच्या दोन-तीन वर्षांत महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना 'फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही' हा नियम गांभीर्याने राबवला गेला, परवाने निलंबित झाले, दुकानांनी बंद पुकारले. त्या काळात फार्मासिस्टची सक्ती अव्यवहार्य आहे असे सांगणारी दुकानदारांची चळवळ २०१८ साली ऑनलाइन विक्रीविरुद्ध रस्त्यावर उतरली, तेव्हा फार्मासिस्टविना औषध देणे रोग्याच्या जिवाशी खेळ आहे असे तिने ठासून सांगितले. दुसरे विधान खरे आहे. ते पहिल्या वेळीही खरे होते. २०२२ साली बिहारमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच राज्य सरकारला सुनावले.

'खेड्यांत फार्मासिस्ट मिळत नाहीत' हा शेवटचा आक्षेप आता जुना झाला. पदविकेची महाविद्यालये इतकी वाढली की फार्मसी कौन्सिलने २०१९ साली नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली. ती ठरावाने घालता येत नाही म्हणून न्यायालयात टिकली नाही, हा भाग वेगळा. पदवीधर आहेत. त्यांना दुकानात बसवण्याइतका पगार नाही, म्हणून ते प्रमाणपत्र भाड्याने देऊन दुसरी नोकरी करतात.

राहता राहिले, शुल्क द्यायचे कुणी? गरीब रोग्यावर ते लादावे असे कोणी म्हणणार नाही. पण सरकारच्या स्वतःच्या हातात एक जागा आहे. जनऔषधी केंद्रांची संख्या पंधरा हजारांवर गेली आहे. या केंद्रांना सरकार प्रोत्साहन देते ते महिन्याच्या खरेदीच्या टक्केवारीवर, म्हणजे इथेही पैसा खोक्यालाच. यातला काही भाग खरेदीपासून तोडून फार्मासिस्टच्या हजेरीला, रोग्याला समजावल्याच्या नोंदीला आणि चिठ्ठीत चूक सापडून डॉक्टरला केलेल्या फोनच्या नोंदीला जोडता येईल. त्यासाठी संसदेत जावे लागत नाही, योजनेच्या अटी बदलल्या की पुरे. दोन वर्षे नोंदी गोळा कराव्यात, किती चिठ्ठ्या थांबवल्या आणि का, हे छापावे. मग फार्मासिस्ट हवा की नको यावर वाद घालायला दोन्ही बाजूंना प्रथमच आकडे मिळतील.